जोवोच्या डब्यातले डॉलर

डारिंकाच्या चाळिसाव्याला, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, तिच्या नावाने उकडलेल्या गव्हाचा घास तोंडात असतानाच तिचा भाऊ स्पासो मला म्हणाला, "काय रे हॅरी, बाबांचे डॉलर ग्रेडिंगला कधी पाठवतोयस?"

"आधी तोंडातले गहू गिळ," मी म्हणालो.

"गिळले. आता सांग."

मला ओरडायचं नव्हतं. पाद्रीबाबा जवळच बसले होते. बायका कॉफी वाटत होत्या. माझी बायको जमिनीत जाऊन सव्वा महिना झाला होता. अजून सकाळी मी कॉफीचे दोन कप काढत होतो, आणि एक परत ठेवत होतो. आणि या माणसाला कशाची आठवण झाली, तर डब्याची.

"आज नको, स्पासो."

"आज नको, मग कधी? तू काही बोलायचा नाहीस. मला माहीत आहे ना, कझिन जॅक लोकांच्या खिशाला कुलूप असतं."

आमच्या ब्यूट गावात इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेल्या आम्हा लोकांना कझिन जॅक म्हणतात. खाणी चालू होत्या तेव्हापासून म्हणतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या दिवशी वाटलं. नोरीन, म्हणजे स्पासोची बायको, त्याच्या कोपराला धरून म्हणाली, "अरे, जागा तरी बघ. मेलेल्या माणसाचे गहू खातोयस."

"बहीण माझी मेलीय," स्पासो म्हणाला. "मला नको शिकवूस."

मी हॅट उचलली आणि घरी आलो.

हा डबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, जोवोचा, खाणीत न्यायचा जेवणाचा डबा. एकावर एक खण, सगळ्यात खाली चहा. झाकणाला एक मोठा पोचा, कशावर तरी आपटल्याचा. जोवो खाणीतून येताना रिकामा डबा वाजवत यायचा, असं डारिंका सांगायची. पुढे त्याने नवीन डबा घेतला आणि या जुन्यात चांदीचे डॉलर ठेवायला लागला. तेव्हा आमच्या मोंटानात कागदी डॉलर कोणाला नको असायचा. पगार चांदीत, दारू चांदीत, न्हाव्याचे पैसे चांदीत. जोवो नाताळ जवळ आला की बँकेत जायचा आणि पिशवीतले कोरे डॉलर मागून घ्यायचा. कोरे म्हणजे कोणाच्या खिशात न गेलेले, टांकसाळीतून निघून तसेच पिशवीत पडलेले. घरी आणून पोरांना सांगायचा, हे खर्चायचे नाहीत, हे पावाचे.

पावाचे म्हणजे असं. सर्बियन लोकांचा नाताळ जानेवारीत येतो. त्या दिवशी घरात एक मोठा गोल पाव होतो आणि कणीक मळताना त्यात एक नाणं दडवतात. जेवायच्या आधी टेबलाभोवती उभं राहून सगळे पावाला हात लावतात, तो गरागरा फिरवतात आणि आपापल्या समोरचा तुकडा तोडतात. ज्याच्या तुकड्यात नाणं, त्याचं वर्ष भाग्याचं. बाकीच्या घरांत क्वार्टर घालतात. जोवोच्या घरात चांदीचा डॉलर. दुसऱ्या दिवशी तो परत डब्यात जायचा.

जोवो गेला तेव्हा घर आणि पिकअप स्पासोला मिळालं. डबा डारिंकाला. म्हातारा चांगला शुद्धीत होता, स्पासो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, आणि म्हातारा म्हणाला, "डबा पावाबरोबर जातो." पाव डारिंका करायची. यात न कळण्यासारखं काय आहे? स्पासोने घर विकून सिअॅटलला मासेमारीची बोट घेतली. ती बोट बुडाली नाही, पण त्याला बुडवून गेली. निवृत्त होऊन तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक नोरीन होती आणि एक फोन. त्या फोनवर तो दिवसभर बघत बसतो की कोणाला माळ्यावर काय सापडलं.

चाळिसाव्यानंतर चार-पाच दिवसांतच तो तो फोन घेऊन माझ्या दारात आला.

"बघ," म्हणाला. "हा डॉलर बघ. एका म्हातारीच्या शिवणाच्या डब्यात होता. ग्रेडिंगला पाठवला. सत्तरपैकी पासष्ट मार्क. किती आले असतील, सांग."

"मला नाही सांगायचं."

"ट्रक आला, ट्रक. नवा कोरा. हॅरी, आपल्या डब्यात असे किती आहेत! बाबांनी कोरे आणले होते. मी पाहिलेत ना माझ्या डोळ्यांनी."

"मग?"

"मग पाठवायचे. ते लोक तपासतात, मार्क देतात, प्लॅस्टिकच्या वडीत घट्ट बंद करून परत पाठवतात. वर चिठ्ठी असते. मग कोणी फसवू शकत नाही. विकायचे, अर्धे तुझे, अर्धे माझे."

"प्लॅस्टिकात बंद केलेला डॉलर पावात कसा घालायचा?"

"कोण पाव करणार आहे आता?" तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडावर दार लावलं. जोरात लावलं. काचेवर डारिंकाने लावलेली छोटी घंटा होती, ती खाली पडली. ती मी परत लावली.

तरीही मी डबा घेऊन हेलेना शहराला गेलो. का गेलो ते सांगतो. डारिंकाच्या आजारपणात घरावर पुन्हा कर्ज झालं होतं, आणि माझ्याही मनात आलं होतं की बघावं तरी. याची लाज वाटत नाही मला. पण स्पासोला ते कळू द्यायचं नव्हतं. घाटात बर्फ होतं. डबा मी शेजारच्या सीटवर ठेवला होता आणि त्याला पट्टा बांधला होता. तिथे ती बसायची.

हेलेनात व्हर्ना किट्रेज नावाच्या बाईचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. माझ्याच वयाची असेल. तिने डबा पाहिला आणि झाकणावरच्या पोच्यावर बोट ठेवलं. मखमलीवर एकेक डॉलर मांडला. भिंग घेतलं. दिवा वाकडा करून लावला. मी उभाच होतो.

"बसा ना," ती म्हणाली.

"मी ठीक आहे."

बराच वेळ बघून तिने भिंग खाली ठेवलं. "पाठवू नका. तुमचे पैसे वाया जातील."

"खोटे आहेत?"

"खरे आहेत. आणि कधी खिशात फिरलेले नाहीत. म्हणूनच वाईट वाटतं. घासलेत."

"घासलेत म्हणजे?"

"साफ केलेत. सगळेच्या सगळे. घासलेल्या नाण्याला ते लोक मार्कच देत नाहीत. चिठ्ठीवर लिहितात, नाणं खरं आहे पण साफ केलेलं. मग चांदीच्या भावाच्या वर त्याला फारसं कोणी देत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साफ करणं हा गुन्हा आहे?"

"या धंद्यात, हो."

"पावात घालायचं नाणं काय मळकं घालायचं? लोकांच्या पोटात जातो तो पाव!"

"पावात?" ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. जरा आवाज चढवूनच सांगितलं. डारिंका दर नाताळाआधी सिंकमध्ये कोमट पाणी घ्यायची, साबण घालायची, डॉलर त्यात बुडवून मऊ फडक्याने पुसायची. जी बाई जन्मात कोणाच्या ताटात डाग पडू द्यायची नाही, तिच्या कामाला हे लोक चिठ्ठी लावणार? कोण आहेत हे? कधी कणीक मळलीय यांनी?

"कोमट पाण्याने असं होत नाही, मिस्टर ट्रेगोनिंग," ती शांतपणे म्हणाली. "या रेघा बघा. हे खरखरीत कशाने तरी घासलंय. जोर लावून."

मला त्या रेघा दिसल्या. केसांसारख्या बारीक, सगळ्या एका दिशेने. पण मी ऐकत नव्हतो. माझं सगळं लक्ष रागावर होतं.

मग तिने एक डॉलर वेगळा काढला. "हा अठराशे चौऱ्याऐंशी सालचा. सॅन फ्रान्सिस्कोचा, हे खालचं अक्षर बघा. झिजलेला असेल तर याला कोणी विचारत नाही. पण कोरा फार थोड्यांकडे आहे. याला कोणी हात लावला नसता, तर यात एक घर आलं असतं." तिने तो दिव्याखाली तिरका केला. "आणि हाच सगळ्यात जास्त घासलाय. कोणाचा तरी लाडका असणार."

मी डॉलर डब्यात परत टाकायला लागलो. ती म्हणाली, "हा डबा मी आधी पाहिलाय. हा पोचा लक्षात राहिला. खूप वर्षं झाली. निळ्या कोटातली बाई होती. उंच, काळे केस."

माझे हात थांबले.

"तिलाही मी हेच सांगितलं. ती जरा वेळ त्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, कोणी केलंय ते मला माहीत आहे. आणि म्हणाली, कोणी विचारत आलं तर सांगू नका. तुम्ही तिचे कोण?"

"नवरा."

"बरी आहे ना ती?"

"गेली," मी म्हणालो. "ऑक्टोबरात."

व्हर्नाबाईने सगळे डॉलर स्वतःच्या हातांनी डब्यात ठेवले. तपासल्याचे पैसे घेतले नाहीत.

घाट उतरताना मी त्या रिकाम्या सीटशी, म्हणजे डब्याशी, भांडत आलो. तू इथे येऊन गेलीस आणि मला बोलली नाहीस? कोणी केलंय ते माहीत आहे म्हणे. स्वतःच केलंस आणि स्वतःच गप्प बसलीस? मी काय तुला टाकून बोललो असतो? एका घराएवढं नुकसान झालं म्हणून मी एक शब्द काढला असता? कधी काढलाय आजवर? ट्रक चालवून चालवून माझी पाठ गेली तेव्हा कुठे कोणाला दोष दिला होता मी? मला त्या बाईचा राग आला, त्या चिठ्ठीवाल्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त डारिंकाचा आला, कारण तिला उत्तर देता येत नव्हतं.

घरी आल्यावर मात्र मला नीट दिसलं की मी कशात अडकलोय.

डॉलर पाठवले, तर ते परत येतील आणि प्रत्येकावर छापलेलं असेल, साफ केलेलं. स्पासो ते वाचेल. मग जन्मभर सांगत सुटेल की बाबांनी कोरे ठेवलेल्या डॉलरचं बहिणीने घासून घासून वाटोळं केलं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतात सांगेल. त्याला थांबवायला ती नाही. आणि नाही पाठवले, तर मी चोर. डबा दाबून बसलेला कझिन जॅक. दोघांपैकी एकाला चिखल लागणार होता, तिला किंवा मला. तिला लागू द्यायचा नाही हे ठरवायला मला वेळ लागला नाही. पण चीड आली. कारण चिखल फेकणारा कोण, तर बोटीपायी बुडून आलेला स्पासो बुलाटोविच!

तो पुढच्या रविवारी पुठ्ठ्याचा खोका आणि फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक घेऊन आला. थेट स्वयंपाकघरात शिरला आणि टेबलावर पसारा मांडला.

"आण डबा. एकेक गुंडाळू."

"डॉलर जाणार नाहीत," मी म्हणालो.

"का?"

"नाहीत जाणार."

"कारण सांग ना. लहान पोर आहेस का?"

"कारण माझं मन नाही."

त्याने खुर्ची ओढली आणि माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तू हेलेनाला गेला होतास. नोरीनच्या भाच्याने तुझी गाडी पाहिली. नाण्यांच्या दुकानासमोर."

मी त्याचं प्लॅस्टिक टेबलाच्या कडेला सारलं.

"म्हणजे भाव काढून आलास. म्हणजे विकलेस!"

"डबा तिथे आहे. फ्रिजवर. वाजवून बघ."

त्याने उठून डबा हलवला. वाजला. "मग चांगले चांगले काढून घेतलेस. बाबांचा माल, हॅरी! माझ्या बापाने जमिनीखाली फुफ्फुसं जाळून कमावलेला!"

"तुझ्या बापाने तो तिला दिला. पलंगापाशी. तू तिथेच होतास."

"पावाबरोबर जातो म्हणाला. पाव करणारी गेली."

मी त्याचा खोका उचलला आणि बाहेर बर्फात फेकला. प्लॅस्टिकही फेकलं. ते हलकं, वाऱ्याने परत दारात आलं, मग मी त्यावर पाय देऊन उभा राहिलो. ते फटाफट फुटत होतं आणि स्पासो ओरडत होता, आणि समोरची हिल्मा पडदा बाजूला करून बघत होती.

त्यानंतर गावाला कळायला वेळ लागला नाही. पेस्टीच्या, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीच्या, दुकानात गेलो तर गल्ल्यावरची बाई म्हणाली, "हॅरी, तुला आता आमच्या पेस्ट्या कशाला? तुझ्याकडे म्हणे चांदी आहे." ती हसत होती, पण मी पेस्टी न घेताच परत आलो. ज्यांच्याबरोबर मी खाणीच्या खड्ड्यात ट्रक चालवले त्यातला एक जण बारमध्ये म्हणाला, "मेव्हण्याला त्याचा वाटा देऊन टाक रे. काय उशाला घेऊन जाणार आहेस?" मी ग्लास तसाच ठेवून निघालो. ज्याच्या बापाने कधी कोणाचा एक खिळा घेतला नाही, तो मी, ब्यूटमध्ये चोर! आणि तोंड उघडायची सोय नाही. तोंड उघडलं की डारिंकाचं नाव निघणार.

जानेवारी लागला. नोरीनचा फोन आला.

"हॅरी, पाव कोण करणार आहे?"

"कोणी नको."

"कोणी नको कसं? मी करते. मी आयरिश आहे, मला सोडा घातलेला पाव येतो फक्त, पण डारिंकाने मला एकदा सांगितलं होतं. तुझ्याकडे येऊन करते. तिचाच ओव्हन, तिचीच परात. माझ्या ओव्हनमध्ये पाव एका बाजूला करपतो."

तिच्या परातीला मी हात लावला नव्हता.

"ऐकतोयस ना? आणि त्याला आणू का नको, ते सांग. सकाळपासून घरात चोर चोर करत फिरतोय. डोकं उठलंय माझं."

"आण," मी म्हणालो. "लाकडं आत आणायला माणूस लागेलच."

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं आले. स्पासोने मला नमस्कार केला नाही, मी त्याला केला नाही. त्याने मागच्या पडवीतून लाकडं आणली, शेगडी पेटवली, ओकची फांदी दाराशी ठेवली आणि जमिनीवर गवत पसरलं, त्यांच्यात घालतात तसं. गवत पसरताना मात्र तो बापासारखा कोंबडीचा आवाज काढत होता. जोवो दर नाताळाला काढायचा आणि मागे पोरं चिवचिव करत फिरायची. या वेळी मागे कोणी नव्हतं. त्याचं त्यालाच ते कळलं असावं, कारण तो मध्येच थांबला.

नोरीन डारिंकाचा एप्रन बांधून कणीक मळत होती. मी खिडकीकडे बघत होतो.

"नाणं आण," ती म्हणाली.

मी डबा खाली काढला आणि टेबलावर ओतला. स्पासो लगेच जवळ आला, मोजायला असेल, किंवा मी काय काय काढून घेतलं ते बघायला. मी हात बांधून उभा राहिलो. बघ म्हटलं.

पण त्याने मोजले नाहीत. बोटाने ते इकडेतिकडे सरकवले, एक उचलला, आणि त्याचा चेहराच बदलला.

"हा बघ! नोरीन, हा! हा माझा लाडका."

"सगळे सारखेच तर आहेत," नोरीन म्हणाली.

"सारखे? चौऱ्याऐंशीचा आहे हा. मला पावात पहिल्यांदा सापडला तो हाच. आईने तो झोपताना माझ्यापाशी ठेवू दिला. मग दर नाताळाला मी यालाच सगळ्यात जास्त घासायचो."

"घासायचास?" मी म्हणालो.

"मग? माझंच काम होतं ते. आई मलाच सांगायची. चुलीतली राख चाळून घ्यायची, तिच्यात व्हिनेगर, आणि भांड्यांचा ब्रश. एक नाही, अख्खा डबा घासायचो मी! बाबा खाणीतून यायच्या आत सगळे टेबलावर मांडून ठेवायचे. बाबा वाकून बघायचे आणि म्हणायचे, यात बघून दाढी करता येईल रे पोरा." तो हसला. दात नसलेली बाजू दिसली. "सेकोला कधी जमलं नाही तसं. ती नुसती साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि पुसायची. आळशी!"

सेको म्हणजे ताई. तो तिला आयुष्यभर तसंच म्हणायचा.

मी टेबलाची कड धरली. व्हर्नाबाईचं सगळं बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. रेघा. एका दिशेने. जोर लावून. यात एक घर आलं असतं. नुसतं तेवढं एक वाक्य म्हटलं असतं तरी हा माणूस जागच्या जागी बसला असता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! ज्याने बापाचं घर विकलं, त्यानेच बापाचं दुसरं घरही भांड्यांच्या ब्रशने घासून घालवलं, आणि मला गावात तोंड दाखवायची चोरी करून ठेवली. वर तिला आळशी म्हणतो! जिने त्या डॉलरवर जन्मात एक ओरखडा पाडला नाही, तिला!

"स्पासो," मी म्हणालो.

"काय?"

तो माझ्याकडे बघत होता. हातात तो डॉलर, अंगठा त्यावर कोरलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून फिरवत. सत्तरीला आलेला माणूस, आणि बापाने कौतुक केलं ते कालच झाल्यासारखा उभा.

कोणी केलंय ते मला माहीत आहे. ती त्या खुर्चीत बसून हे म्हणाली होती. आणि मी मूर्ख, घाटभर तिलाच फैलावर घेत आलो. तिला तेव्हाच कळलं होतं. बाप नुकताच गेला होता, भाऊ बोट घेऊन बसला होता, बापाजवळचं एवढंच कौतुक त्याच्या गाठीला होतं. ती घरी आली, डबा फ्रिजवर ठेवला, आणि त्यानंतर तो जेव्हा जेव्हा डॉलर विकायचं काढायचा तेव्हा म्हणायची, मी जिवंत असेपर्यंत नाही. तो तिला हट्टी म्हणायचा. मीसुद्धा म्हणायचो. ती ऐकून घ्यायची.

आणि आता ते ऐकून घ्यायचं काम मला देऊन गेली. मला विचारलं तिने? नाही. मला अजूनही तिचा राग येतो.

"काय म्हणत होतास?" स्पासोने पुन्हा विचारलं.

"म्हणत होतो की डारिंका सांगायची, तुझ्यासारखं चमकवता येत नाही कोणाला."

हे खोटं होतं. ती असं कधी म्हणाली नव्हती. पण म्हणाली असती.

त्याने डॉलर मुठीत घट्ट धरला. "सेको म्हणाली असं?"

"हो. शेगडीत राख आहे. व्हिनेगर कपाटात, खालच्या फळीवर. हाच घाल पावात. तूच घास."

"कणीक वाट बघत नाही," नोरीन म्हणाली. "घासायचा तर घास लवकर."

तो बशीत राख घेऊन आला. बोटाने चाळली, खडे काढून टाकले, वर व्हिनेगर ओतलं. सिंकपाशी डारिंका उभी राहायची तिथे उभा राहिला, बाह्या सरसावल्या आणि घासायला लागला. ब्रशचा खरखर आवाज येत होता. माझ्या दातांना तो आवाज लागत होता, पण मी तिथेच उभा राहिलो.

"यामुळे तुला वाटत असेल मी विसरलो," तो मागे न बघता म्हणाला. "विसरलेलो नाही. उद्याचा दिवस झाला की हे सगळे ग्रेडिंगला."

"जाणार नाहीत."

"मी वकील गाठीन."

"गाठ."

"चोर आहेस तू, हॅरी. माझ्या बहिणीने चोराशी लग्न केलं."

"असेल," मी म्हणालो. "मागच्या बाजूला राहिलंय बघ. गरुडाच्या पंखाखाली."

तो वाकला, डोळ्यांजवळ धरून बघितलं, आणि पंखाखाली घासायला लागला.